एका म्यानात

तलवार टेबलावर होती, म्यान वकिलाच्या मांडीवर होतं, आणि जोवर ती दोन्ही अशी हातभर लांब होती तोवर दोघं भाऊ एका छपराखाली बसलेले होते. ताईला आजच्या दिवसाकडून तेवढंच हवं होतं. त्यांनी उठून जाऊ नये. तलवार कुणाची, किती जुनी, खरी का खोटी, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. खरं तर त्यातलं बरंचसं तिच्याइतकं घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती.

दुकानाला आज साप्ताहिक सुट्टी. शटर कमरेपर्यंत ओढलेलं, दुपारचं ऊन त्याखालून फरशीवर सरपटत आलेलं. नावं कोरायच्या आपल्या टेबलावरून ताईनं कोरण्या, पंच, हातोड्या उचलून बाजूला ठेवल्या होत्या आणि स्वच्छ टॉवेल अंथरून त्यावर तलवार निजवली होती, पाहुण्यांचं बाळ निजवावं तशी. दादा गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर. आत्या दुकानातल्या एकुलत्या एका आरामशीर खुर्चीत. वहिनी आतल्या ओट्याशी, म्हणजे दिसत नव्हती पण ऐकत होती. आणि धाकटा भाऊ, ज्याला आता त्याची बायकोसुद्धा 'वकील' म्हणायची, तो गिऱ्हाइकांच्या बाकाच्या अगदी टोकावर, एक पाय शटरकडे काढून.

अकरा वर्षांनी तो दुकानाच्या या बाजूला आला होता. अण्णा गेले आणि दुकानाच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं. 'एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत,' असं अण्णा जन्मभर म्हणत आले, आणि मुलांनी बापाचा नेमका तेवढाच शब्द पाळला. प्लायवूड छपरापर्यंत गेलं, तिथून बाहेर आलं आणि 'चषक, पदके व ढाली' या पाटीलाही कापून गेलं. दादाकडे 'चषक, पदके' राहिलं. वकिलानं आपल्या बाजूला कचेरी थाटली, पण पाटीचा उरलेला तुकडा कुणी उतरवायचा यावर एकमत झालं नाही, त्यामुळे त्याच्या दारावर अकरा वर्षं 'व ढाली' एवढंच होतं. नवी अशिलं त्याला 'ढालीसाहेब' म्हणत.

भावांचं बोलणं बंद होतं ते तोंडासमोरचं. ताईच्या मार्फत ते अखंड चालू होतं.

"ताई, त्याला विचार, पंखा जरा इकडे वळवता येईल का."

"ताई, त्याला सांग, हा पंखा वळत नाही. म्हणून तर घरात टिकलाय."

"ताई, त्याला सांग, टोमणा पोचला."

"ताई, त्याला सांग, पोचपावती मिळाली."

ताई मध्ये उभी होती आणि कुणालाच काही सांगत नव्हती. टपालपेटीनं बोलायचं नसतं, हे तिला केव्हाच कळलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी दादा जुन्या बाजारात चषकांच्या लाकडी बैठका शोधायला गेला होता. पडद्याच्या दांड्यांच्या भाऱ्यात त्याला ही सापडली. मुठीजवळ, पात्यावर, आजोबांचं पूर्ण नाव. दादा तिथल्याच एका जुन्या शिलाई मशीनवर मटकन बसला म्हणे. आजोबा पलटणीत होते हे तर पेठेत पोरासोरांनाही माहीत. घराला आडनावानं कुणी ओळखत नसे, 'पलटणवाले' म्हटलं की पत्ता सापडायचा. पण दाखवायला म्हणून घरात एक शिट्टी सोडली तर काही नव्हतं, आणि ती शिट्टीही वाटणीत वकिलाकडे गेलेली. आता तलवार आली. त्या दिवसापासून दादा ताठ चालायला लागला. त्याच्या पाठीपुढे तीन डॉक्टरांनी हात टेकले होते, ती पाठ.

ही बातमी ताईच्या मार्फत प्लायवूडपलीकडे गेली, आणि चौथ्या दिवशी वकील त्याच जुन्या बाजारातून एक म्यान घेऊन आला. सोबत पत्र: 'सदर तलवारीचे म्यान आमचे ताब्यात असून, म्यानाविना तलवार ही केवळ एक लांब सुरी होय.' म्यानावर त्यानं कोर्टातल्यासारखी चिठ्ठीही डकवली होती, 'निशाणी अ'. मग दोघांनी, अर्थात ताईच्या मार्फत, पारखी बोलवायचं ठरवलं.

आणि ताईची झोप उडाली. कारण पात्यावरचं ते नाव तिनं घातलेलं होतं.

एकेचाळीस वर्षं झाली त्याला. अण्णांनी दुकानाच्या काचेत ठेवायला ती तलवार कुठूनशी पैदा केली होती. "नुसती ठेवली तर शोभेची," ते म्हणाले, "नाव घातलं तर घराण्याची." आणि सतरा वर्षांच्या ताईला कोरायला बसवलं. दुसऱ्या दिवशी आजोबा दुकानात आले. पलटणीत त्यांनी जी वर्षं काढली ती एका तंबूत बसून, शिपायांच्या गळ्यातल्या बिल्ल्यांवर नावं ठोकण्यात. घरात हा धंदा आला तोच मुळी तिथून. आजोबांनी पात्याला भिंग लावलं, आपलं नाव सावकाश वाचलं आणि म्हणाले, "पोरी, ळ चं पोट फुगलंय." बस. संध्याकाळी काचेतली तलवार नाहीशी झाली, आणि तिचा विषय काढायचा नाही हे कुणी न सांगता सगळ्यांना समजलं. दादा तेव्हा परगावी कारखान्यात उमेदवारी करत होता, धाकटा वसतिगृहात. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. माहीत होतं ते ताईला आणि आत्याला. आत्याला आता ऐकू येत नव्हतं. पण ऐकू येईनासं झाल्यापासून ती एकदम खरं बोलायला लागली होती.

"बाबांनी कसली तलवार धरलीय," आत्ताही आत्या कुणी न विचारता म्हणाली. "काकडी चिरताना बोट कापून घ्यायचे."

"आत्या, पाणी देऊ का?" दादा ओरडला.

"कहाणी नाही रे, खरं सांगतेय."

ताईनं मनातल्या मनात हिशेब मांडून पाहिला होता. नाव आपलं आहे हे पारख्यांनी ओळखलं, की दादा वकिलासमोर तोंडघशी पडणार. वकील फार काही बोलणार नाही, एकच वाक्य बोलेल. पण वकिलाचं एक वाक्य म्हणजे पुढच्या अकरा वर्षांची सोय.

पारखी शटरखालून वाकून आत आले. तीस वर्षं एका संग्रहालयात शस्त्रांचं दालन सांभाळून निवृत्त झालेला सडसडीत माणूस. माणसांशी बोलताना नजर चुकवायचे, वस्तूंशी बोलताना नाही. ते बसले ते टेबलाच्या पलीकडे, भिंतीला पाठ करून. त्या भिंतीवर दुकानाच्या नमुन्याच्या ढाली टांगलेल्या होत्या, पन्नास वर्षांतल्या, दोनशेच्या आसपास. त्यांनी सुती मोजे चढवले, बुटाच्या नाडीनं गळ्यात बांधलेलं भिंग पुढे घेतलं, टॉवेलकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही घासली कुणी?"

"मी," दादा अभिमानानं म्हणाला. "तीन तास. पॉलिशच्या चाकावर. आमच्या दुकानातून मळकं काही बाहेर पडत नाही."

"अहो, शंभर वर्षांचा काळेपणा होता तो!"

"होता ना. फार चिवट होता."

"तोच तर बघायचा असतो! जुन्या पात्यावरचा डाग म्हणजे त्याचा जन्मदाखला. तुम्ही दाखला धुऊन टाकलात."

"ताई, त्याला विचार," बाकावरून आवाज आला, "पुरावाच पुसलाय, का फरशीपण पुसून घेतलीय."

पारख्यांनी तलवार दोन्ही हातांनी उचलली. पण पात्याकडे पाहिलंच नाही, मुठीचं बूड उलटं करून डोळ्याशी नेलं.

"आधी नक्षी बघायची नसते. नक्षीनं माणूस फसतो. आधी बूड बघायचं. हे बघा, पात्याचं टोक मुठीतून आरपार येऊन इथे ठोकून बसवलंय. नकली असती तर इथे आटे असते, नट असता." मग त्यांनी मुठीवरून अंगठा फिरवला. "हे माशाचं कातडं. दाणे लहानमोठे आहेत. नकलेत सगळे एकसारखे असतात." शेवटी त्यांनी तलवार एका बोटावर तोलली, आणि ती राहिली. "खोटी तलवार हाताला जड लागते. खऱ्याला जड होऊन चालत नाही, ते माणसाला दिवसभर वागवायचं असतं."

ताईनं हे वाक्य मनात बाजूला काढून ठेवलं.

"तलवार खरी आहे," पारखी म्हणाले. "पायदळातल्या अधिकाऱ्याची. शंभरीच्या पुढची."

दादा स्टुलावर एवढा ताठ झाला की स्टूल करकरलं.

"आणि पात्याच्या दुसऱ्या बाजूला हे पुसट नाव दिसतंय, ते शिंप्याचं."

"कुणाचं?" वकिलानं थेट विचारलं, कारण पारख्यांशी त्याचं बोलणं चालू होतं.

"शिंप्याचं. अधिकारी ज्या दुकानात गणवेश शिवायला टाकत, तिथूनच तलवारही घेत. शिंपी आपलं नाव पात्यावर घालून घेई."

"ताई, त्याला विचार, आजोबांची तलवार कापडाबरोबर फुकट आली होती का."

आत्याच्या कानात नेमकं 'शिवायला' शिरलं. "शिवायचे हां बाबा," ती म्हणाली. "बटणं छान लावायचे. तलवार नाही."

पारख्यांनी पातं आडवं धरून त्याच्या जाड कडेवर भिंग नेलं. "इथे कण्यावर क्रमांक असतो. तो मिळाला की बनवणाऱ्याच्या जुन्या वहीत पहिला मालक सापडतो. नावगाव, पलटण, सगळं." त्यांनी डोळे बारीक केले. "होता. आता एक साताचा आकडा उरलाय. तो एकाचाही असेल. काय हो, कण्यावरून पण चाक फिरवलंत?"

दादा पंख्याकडे बघत होता.

मग भिंग आजोबांच्या नावावर आलं, आणि ताईनं टेबलाची कड धरली.

"हे नाव पुष्कळ मागाहून घातलंय," पारखी म्हणाले. "हातानं. आणि हात चांगला आहे." एवढ्या धास्तीतही ताईचे कान गरम झाले, चाळीस वर्षांत तिच्या कामाला असं कुणी म्हटलं नव्हतं. "फक्त हा ळ जरा..."

"फुगलाय," ताई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे, इथून दिसतंय ना," ती म्हणाली.

पण पारख्यांचं लक्ष नव्हतं. ते खाली वाकले होते, आणखी खाली वाकले, नाक पात्याला टेकलं. वर आले ते भिंग डोळ्याशी तसंच धरून.

"ही खूण," ते म्हणाले. "ही खूण मी बावीस वर्षं शोधतोय!"

नावाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, एक टिंब होतं आणि टिंबाला शेपटी होती.

"आमच्या संग्रहालयाच्या भांडारात एका चषकावर पहिल्यांदा दिसली. तेव्हापासून मागावर आहे. कुणीतरी एक अज्ञात पलटणी कारागीर. नाव नाही, गाव नाही, नुसती शेपटी. एकशे चाळीस पानं लिहून झालीत माझी त्याच्यावर. फक्त पुरावा नव्हता. आज पलटणीची तलवार सापडली, आणि तिच्यावर शेपटी!"

त्यांच्या पाठीमागे भिंतीवर दोनशे ढाली होत्या. धावण्याच्या शर्यतीच्या, वक्तृत्वाच्या, सर्वोत्कृष्ट परिचारिकेच्या, एक तर उत्कृष्ट गायीचीही होती. आणि प्रत्येकीच्या उजव्या कोपऱ्यात टिंब होतं, आणि टिंबाला शेपटी. आजोबांपासून चालत आलेली दुकानाची खूण ती. जेवल्यावर हात धुवावा तशी कोरणाऱ्याच्या हातून पडायची. सतराव्या वर्षी ताईच्या हातूनही पडली होती, आणि त्याचं तिला आजवर भानसुद्धा नव्हतं.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिनं पात्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग ताईकडे. कप किणकिणले.

"ताई," ती गोड आवाजात म्हणाली, "जरा साखर बघता का आत?"

ओट्याशी पोचेपर्यंत वहिनीनं ताईचं मनगट सोडलं नाही.

"शेपटी!"

"हो."

"तुमची शेपटी!"

"हळू बोल ग."

"कधी हा उद्योग?"

"सतरा वर्षांची असताना. अण्णांनी करायला लावला."

वहिनी बिस्किटांच्या डब्यावर बसली आणि तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. खांदे हलत होते. ताईला वाटलं रडतेय. मग बोळा काढून ती म्हणाली, "एकवीस दिवस मी त्या तलवारीच्या शेजारून दबकून जातेय हो. सासरे बसल्यासारखी!" पुन्हा बोळा. पुन्हा बाहेर. आणि मग एकदम गंभीर होऊन: "ह्यांना कळता कामा नये. तीन वर्षांनी स्वतःचे बूट स्वतः घालतायत. मी पाहिजे तेवढं खोटं बोलेन, ताई, पण ते बूट परत माझ्याकडे येता कामा नयेत."

"माझ्या तोंडून नाही जायचं."

"वकीलभावजींना तर अजिबात नाही."

"पाणी मिळेल का?" दारातून वकीलभावजी म्हणाले.

वहिनीनं पेला भरून त्याच्या हातात दिला आणि ती अशा चेहऱ्यानं बाहेर गेली, की तो बघून कुठल्याही न्यायाधीशानं तिला लगेच शिक्षा ठोठावली असती. वकिलानं पेल्याला तोंड लावलं नाही.

"तो ळ तुझा आहे."

"कुठला ळ?"

"ताई, मी वकील आहे, आंधळा नाही. माझ्या वसतिगृहातल्या डब्यावर नाव तूच घातलं होतंस. सात वर्षं तो ळ बघत जेवलोय मी."

"मग म्यान कशाला घेऊन आलास एवढं?"

वकिलानं कॉलर नीट केली. कोर्टात मुद्दा संपला की तो हेच करायचा, असं ताईनं ऐकलं होतं.

"तलवारीला म्यान लागतं," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "इकडे यायला दुसरं काय कारण सांगणार होतो?" आणि पेला ओट्यावर ठेवून, भिंतीशी बोलावं तसं, "त्याला सांगू नकोस मात्र. एवढा ताठ चालतोय या वयात."

अकरा वर्षांत 'त्याला सांग' ताईनं हजारदा ऐकलं होतं. 'त्याला सांगू नकोस' आज पहिल्यांदा.

ती साखर न घेताच बाहेर आली. गल्ल्यापाशी दादानं तिचं कोपर पकडलं. पारखी वहीत शेपटी काढण्यात गढले होते.

"इकडे ये. तुझा ळ मी रस्त्यापलीकडून ओळखतो."

"जुन्या बाजारातच ओळखला," दादा कुजबुजला. "म्हणून तर बसलो त्या मशीनवर. म्हटलं, आजोबांनी कधी तलवार धरली नाही, पण आमच्या ताईनं काय अक्षर काढलंय."

"मग तीन तास घासत का बसलास?"

"कण्यावर नंबर होता ना. नंबर खरं बोलला असता." दादानं बाकाकडे चोरून पाहिलं. बाक रिकामा होता, तरी त्यानं आवाज आणखी उतरवला. "धाकट्याला कळू देऊ नकोस. बिचारा एवढं म्यान घेऊन आलाय."

म्हणजे दादाला माहीत होतं, वकिलाला माहीत होतं, वहिनीला माहीत होतं, आत्या तर सकाळपासून मोठ्यानं सांगतच होती. माहीत नव्हतं ते एकट्या पारख्यांना, आणि बोलावलं होतं तेही त्यांनाच. सगळं ओरडून सांगावं असं एकदा तिच्या जिभेवर आलंही. मग काय झालं असतं? हसले असते. दोन दिवस हसले असते. आणि तिसऱ्या दिवशी प्लायवूड होतंच.

वकील परत येऊन बाकाच्या टोकावर बसला. पारख्यांनी त्याच्याकडून म्यान मागून घेतलं, मोजमाप घेतलं, तोंडात वाकून पाहिलं, वासही घेतला. चिठ्ठीकडे पाहून सुस्कारा सोडला.

"म्यान जुनंच आहे. पण या तलवारीचं नाही. सुतभर अरुंद आहे. दोन वस्तू दोन ठिकाणच्या." त्यांनी म्यान वकिलाकडे परत केलं. "आपापली वस्तू आपापल्या घरी नीट ठेवा, तेल लावत जा. आणि एक सांगून ठेवतो, कौतुकानं सुद्धा ही त्यात घालू नका. आत लाकडाचं अस्तर आहे, ते फुगलंय. गेली तर निघायची नाही."

झालं. निकाल लागला. वकील उठला. दादाही उठला, पाहुणा उठला की उठावं तसा.

"ताई, त्याला सांग, निघतो."

"ताई, त्याला सांग, बरं."

दोघं उभे राहिले. वकिलानं म्यान काखेत धरलं, मग दुसऱ्या काखेत धरलं. दादानं टॉवेलची चुणी सरळ केली, जी सरळच होती. थांबायचं कसं, हे दोघांनाही येत नव्हतं. त्यांना त्या घरात ते कुणी शिकवलंच नव्हतं. वकिलाचा पाय शटरच्या उन्हात पडला.

"बघू रे जरा," ताई म्हणाली आणि तिनं त्याच्या काखेतून म्यान काढून घेतलं.

मग तिनं टेबलावरची तलवार उचलली. खरंच जड नव्हती. पात्याचं टोक म्यानाच्या तोंडात गेलं, पातं सरसर आत गेलं आणि मुठीपासून वीतभर अलीकडे थांबलं. आजोबांचं नाव बाहेर होतं, फुगलेला ळ बाहेर होता, शेपटी बाहेर होती.

"अहो! अहो बाई!" पारखी ओरडले.

ताईनं म्यान फरशीवर उभं धरलं, बाजूची लाकडी हातोडी घेतली आणि मुठीच्या बुडावर एक घाव घातला. चाळीस वर्षं पंचावर घाव घालणाऱ्या बाईला दुसरा घाव लागत नाही.

खट्ट.

"अगं, काय केलंस!" दादा आणि वकील एकदम म्हणाले.

"बघत होते," ताई म्हणाली, "बसते का."

दादानं मूठ धरली आणि ओढली. काही नाही. त्यानं गुडघ्यांत धरून ओढली. वकिलानं न राहवून म्यानाचं दुसरं टोक पकडलं.

"ताई, त्याला सांग, घट्ट धर म्हणावं."

"मी नाही सांगणार."

"का?"

"दुकानाला सुट्टी आहे आज," ताई म्हणाली. "मलाही."

आणि तिनं स्वतःसाठी चहाचा कप उचलला, गार झालेला, आणि त्यात बिस्कीट बुडवलं. बिस्कीट मोडून कपात पडलं.

"... घट्ट धर," दादा पंख्याला म्हणाला.

"धरलंय," वकील म्यानाला म्हणाला.

"असं धरतात होय? मधे धर."

"मधे धरलं तर चिठ्ठी फाटेल."

"फाटू दे तुझी चिठ्ठी! ओढ. सोडू नकोस हां."

"मी कशाला सोडू? मागच्या वेळी तूच सोडलंस."

"मागच्या वेळी म्हणजे?"

"म्हणजे मागच्या वेळी!"

"मी सोडलं? मी? पहिला स्क्रू कुणी आणला होता?"

"आणला मी. पिळला कुणी?"

"ओढा हो आधी," वहिनी म्हणाली.

त्यांनी ओढलं. वकिलाची पाठ प्लायवूडवर आपटली. तलवार आणि म्यान मिळून चांगली तीन हात लांब, दोन्ही टोकांना एकेक साठीच्या आसपासचा पुरुष, आणि दुकान अर्धं. जागा पुरेना.

"एक फळी काढावी लागेल," दादा धापा टाकत म्हणाला.

"स्क्रू तुझ्या बाजूनं आहेत."

"तुझ्या बाजूनं आहेत."

स्क्रू दोन्ही बाजूंनी होते. अकरा वर्षांपूर्वी दोघांनी आपापल्या बाजूनं, एकमेकांवर विश्वास न ठेवता, दुप्पट लावले होते. वकील शटरखालून वाकून बाहेर गेला. ताई शटरकडे दोन पावलं गेली. मग पलीकडून 'व ढाली'चं कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि प्लायवूडच्या आतून, अगदी जवळून, हाक आली, "वरून सुरू कर! मी खालून करतो!"

"गंजलेत!"

"तेल घाल! तेल कुठंय तुला माहीत आहे ना, का तेही ताईलाच विचारायचं?"

या गडबडीत पारखी उठून मागे सरकले होते, आणि मागे सरकताना वळले होते. आता ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचं बोट हवेत एका ढालीवरून दुसऱ्या ढालीवर जात होतं. गायीच्या ढालीपाशी ते थांबलं.

"शेपट्या," ते म्हणाले.

ताईनं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. त्यांच्याकडे बघवेना. "तो चषक, साहेब, भांडारातला... त्याच्यावर आणखी काही लिहिलं होतं का हो?"

"'कर्मचारी बुद्धिबळ स्पर्धा'," पारखी हळूच म्हणाले. "मला वाटलं, सांकेतिक असेल."

"नाव मी घातलंय तलवारीवर. शेपटीही मीच. सवयीनं."

पारख्यांनी मान हलवली. वही मिटली. एकशे चाळीस पानं किती जड असतात ते त्यांच्या खांद्यांवर दिसलं.

"पण कारागीर होता," ताई म्हणाली. "पलटणीतलाच. तुमचं ते खरं आहे. फक्त तलवारी नाही, तंबूत बसून बिल्ले ठोकायचा. पहिल्याच बिल्ल्यावर त्याचा पंच घसरला आणि टिंबाला शेपटी फुटली. चूक आहे हे साहेबाला कळू नये म्हणून त्यानं पुढच्या प्रत्येक बिल्ल्यावर मुद्दाम घातली. हजारो घातल्या असतील."

पारखी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. माणसाकडे, नजर न चुकवता. मग त्यांनी वही उघडली, आणि पेनाचं टोपण दातानं काढलं.

"सावकाश सांगा," ते म्हणाले. "तंबूपासून सांगा."

पलीकडे फळी धाडकन खाली आली. धूळ उडाली. भोकातून वकिलाची कचेरी दिसली, फायली, टेबल, टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली आजोबांची शिट्टी. दादा चषकांच्या बाजूला उभा होता, वकील ढालींच्या. मधल्या भोकातून तलवार गेली, एकाकडे मूठ, एकाकडे म्यान.

"ओढ!"

"तू ओढ, मी धरतो!"

"दादा, तू वाकू नकोस, तुझी पाठ!"

"माझ्या पाठीचं तू नको सांगूस! ओढ म्हणतो ना!"

आवाजानं आत्याची डुलकी मोडली. "कोण भांडतंय ग?"

ताई तिच्या कानाशी वाकली. "भांडत नाहीत, आत्या. बोलतायत!"

"ओढतायत?"

"हां. तेच."

आत्यानं भोकाकडे पाहिलं, मग दोन भावांकडे, मग ताईच्या टेबलावरच्या हातोडीकडे.

"निघाली नाही ना अजून?"

"नाही," ताई म्हणाली. "घट्ट बसलीय."

"बरं झालं," आत्या म्हणाली, आणि पुन्हा डोळे मिटले.